कोयरी सुईने वळवताना: हाताने अ‍ॅप्लिक शिकणाऱ्यांसाठी

गोधडीला लावलेलं ठिगळ आणि गोधडीवर बसवलेली कोयरी, दोन्ही म्हणजे कापडावर कापडच, म्हणजेच अ‍ॅप्लिक. फरक कडेचा. ठिगळाची कड धावदोऱ्याने पकडतात, तो दोरा वरून दिसतो आणि दिसलाच पाहिजे, कारण गोधडीची अर्धी शोभा त्या दोऱ्यात असते. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजातल्या बायका ‘कवंद’ नावाची गोधडी शिवतात, तिथेही तसंच. कडेपासून सुरुवात करून तुकडे लावत, त्यांच्यावरून ठसठशीत धावदोरा घालत आत आत यायचं आणि कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावायची. ओडिशातल्या पिपिलीचं रंगीत काम तर पुरीच्या रथयात्रेमुळे सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलेलं असतं.

आपण इथे शिकणार आहोत ती तऱ्हा वेगळी. कड आत वळवायची आणि टाका कुठून घातलाय ते वरून कळू द्यायचं नाही. जगभरचे क्विल्ट करणारे याला ‘नीडल-टर्न’ म्हणतात, कारण कड इस्त्रीने नाही, शिवता शिवता सुईच्या टोकाने वळवली जाते. सगळी मेख एकाच गोष्टीत आहे: कड एकदम वळवायची नाही, पुढच्या दोन-तीन टाक्यांपुरतीच वळवायची. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेला मी सगळी कड आधी इस्त्रीने दाबून घेतली, दोन बोटं भाजली आणि कोयरीचा अष्टकोन झाला.

शिकायला कोयरीच का, तर तिच्यात तिन्ही अवघड जागा एकाच वेळी येतात: पोटाची बाहेरची गोलाई, मानेची आतली गोलाई आणि चोचीचं टोक. वर्तुळाने सुरुवात करा असं पुष्कळजण सांगतात. माझं मत उलट आहे. नुसतं वर्तुळ चांगलं जमायला कोयरीपेक्षा जास्त सराव लागतो, कारण त्यातली चूक लपायला जागाच नसते.

सामान

फार काही लागत नाही. हाताने शिवायच्या बारीक सुया घ्या, १० नंबरच्या. हातसुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे ध्यानात ठेवा. दुकानदार ‘मोठी सुई हवी का’ विचारून ५ नंबर हातात देतो आणि तिने कापडाला भोकं पडतात. दोरा मशीनवर वापरतात तो बारीक सुती. स्पन पॉलिएस्टरही चालतो, पण सुती दोरा कापडात जिरतो तसा तो जिरत नाही. भरतकामाची सहापदरी लडी नको.

दोऱ्याचा रंग वरच्या तुकड्याच्या रंगाचा हवा, खालच्या कापडाच्या नव्हे. नेमकी छटा नसेल तर एक छटा गडद घ्या. फिका दोरा चमकतो, गडद दबतो.

बाकी लहान टोकदार कात्री, टाचण्या, टेलरचा खडू किंवा पेन्सिल, आणि दात कोरायच्या लाकडी काड्या. हो, काड्या. कशासाठी ते चोचीपाशी कळेल. अंगुस्तानाची (बोटावर घालायच्या टोपीची) सवय असेल तर घाला, नसेल तर या कामाला अडत नाही. सुईला जोर लावावाच लागत नाही. भरतकामाची रिंगही नको. कापड रिंगेत ताणून धरलं की कड वळवायला मोकळीक राहत नाही. मांडीवर उशी घ्या आणि उशीवर काम ठेवा. उशी न घेता मी एकदा तासभर मन लावून शिवलं, उठायला गेले तर कोयरी माझ्या सलवारीला शिवलेली.

कापड

शंभर टक्के सुती, बारीक आणि घट्ट विणीचं. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजसाठी मिळणारं टू बाय टू रुबिया या कामाला फार छान, शिवाय पाहिजे त्या रंगात मिळतं. फक्त सुतीच मागा, मिश्र धाग्याचंही त्याच नावाने विकलं जातं. पॉपलिन चालतं, केंब्रिक चालतं. टेलरकडच्या कटपीसच्या पिशवीत सहा कोयऱ्यांचं कापड सहज निघतं आणि बहुतेक टेलर ती आनंदाने देतात.

दुकानातच करायची एक परीक्षा: कापडाची कड चिमटीत धरा, घडी घाला आणि नखाने दाबून सोडा. घडी तशीच बसून राहिली तर घ्या. लगेच उठून सरळ झाली तर त्यात पॉलिएस्टर आहे, ते कापड तुमच्याशी शेवटपर्यंत भांडेल.

खणाचा मोह सगळ्यांना होतो. खणाची कोयरी दिसते झकास, पण खणाचे धागे कात्री लागल्याबरोबर सुटायला लागतात. पाच-सहा कोयऱ्या झाल्यावर मग खणाकडे वळा. जुन्या साडीचं मऊ सुत गोधडीच्या आतल्या थरांना उत्तम. कोयरीसाठी मात्र ते लुळं पडतं. वापरायचंच असेल तर पातळ खळ घालून, वाळवून, इस्त्री करून घ्या, म्हणजे अंग धरतं.

दोन्ही कापडं आधी धुऊन घ्यायची. सूत आटतं, आणि वरचं कापड एकदा आटलेलं नि खालचं नाही, असं झालं तर पहिल्याच धुण्यात कोयरीभोवती चुण्या पडतात. लाल, मरून, नीळ या रंगांची वेगळी परीक्षा करा: ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड घासून बघा. फडक्यावर रंग उतरला तर पुन्हा धुवा, फडकं स्वच्छ राहीपर्यंत. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, यावर विसंबू नका. तान्ह्या बाळाचं दुपटं दिवसाआड धुतलं जातं, तिथे मीठ पुरत नाही.

आखणी आणि कापणी

कोयरीचा साचा लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा करा. घरात पत्रिका असतातच, आणि त्यांचा कागद पेन्सिल फिरवायला पुरेसा कडक असतो. कोयरी ५ इंच उंच, पोटाशी ३ इंच रुंद. चोच उजवीकडे झुकलेली. पहिल्या कोयरीची मान फार आखूड नको आणि चोच फार निमुळती नको; आपल्या साडीच्या काठावर असते तशी सुबक कोयरी चौथ्या-पाचव्या वेळी काढा. डावखुरे असाल तर साचा उलटा करून चोच डावीकडे घ्या आणि इथून पुढे सगळ्या दिशा आरशातल्यासारख्या वाचा.

साचा कापडाच्या सुलट बाजूवर ठेवायचा. शिवणकाम येणाऱ्यांचा हात सवयीने उलट बाजूकडे जातो, पण इथे रेघ शिवताना डोळ्यांसमोर हवी. साचा कापडाच्या ताण्या-बाण्याला तिरका ठेवला तर मानेचा भाग उरेबात येतो. उरेब कापड ताणलं जातं आणि त्याचे धागे कमी सुटतात, म्हणजे नेमक्या अवघड जागी थोडी मदत. हलक्या रंगावर पेन्सिल, गडदवर पांढरा खडू. इस्त्रीने उडणारं पेन सोयीचं असतं, पण त्याची रेघ कडक थंडीत परत उमटू शकते, म्हणून परदेशात बर्फात राहणाऱ्या भाचीसाठी दुपटं शिवत असाल तर ते नको.

आता कापणं. रेघेच्या बाहेर सोडतो त्या जास्तीच्या कापडाला शिवणकामात ‘माया’ म्हणतात. ब्लाउजला माया भरपूर ठेवतात, पुढेमागे उसवून सैल करता यावा म्हणून. इथे माया आखडती ठेवायची: पाव इंचाला जरा कमी, साधारण ५ मिलिमीटर. जास्त ठेवली तर आत वळल्यावर तिची गाठोडी होतात आणि गोलाईला कोपरे येतात. कमी ठेवली तर धागे निसटतात. पहिल्या कोयरीला पाव इंच ठेवा, शिवत जाताना जिथे दाटी वाटेल तिथे कात्रीने कमी करा.

खालचं कापड १० इंच चौरस कापा, नंतर ते ९ इंचांवर आणायचं आहे. एक इंच वाया का घालवायचा, असं वाटेल. पण हाताच्या टाक्यांनी खालचं कापड थोडं आखडतं आणि कडेचे धागेही हाताळून सुटतात. त्या चौकोनाला आडवी-उभी घडी घालून मधोमध खूण करा, म्हणजे कोयरी मध्यावर बसते.

टाचणं

कोयरी जागेवर ठेवा आणि कच्च्या दोऱ्याने टाचून घ्या. लांब लांब टाके, रेघेपासून अर्धा इंच आतून. कडेला टाचलं तर माया आत वळायला वावच राहत नाही. टाचण्यांनीही भागतं, पण दोरा दर दुसऱ्या टाक्याला टाचणीच्या डोक्यात अडकतो आणि तुमचा जीव मेटाकुटीला येतो. टाचण्याच वापरायच्या असतील तर त्या मागच्या बाजूने लावा. कच्चा दोरा घालायला पाच मिनिटं लागतात. ती द्या.

टाका

दोरा दोन वितींपेक्षा लांब घेऊ नका. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासला जातो, त्याचा पीळ सुटतो, गुंते होतात. रिळावरून सुटलेलं टोक सुईत ओवा आणि कापलेल्या टोकाला गाठ मारा. मग पीळ उलटा फिरत नाही. एकपदरी दोरा.

सुरुवात पोटाच्या डाव्या बाजूला, खाली, जिथे गोलाई सौम्य आहे तिथून. टोकापासून किंवा मानेपासून कधीच नाही. उजव्या हाताने शिवणारे उजवीकडून डावीकडे शिवत जातात, तेव्हा कोयरीभोवती घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फेरी होते: आधी पोट, मग उजवीकडून वर मान, मग चोच, मग लांबलचक पाठ. सोप्याकडून अवघडाकडे. शिवायची कड नेहमी तुमच्यापासून दूरच्या बाजूला ठेवा. हात वाकडा करायचा नाही, काम फिरवायचं.

आता सावकाश. डाव्या हाताचा अंगठा कोयरीवर, बाकीची बोटं कापडाखाली. सुई आडवी धरून तिच्या टोकाने मायेची कड पकडा आणि स्वतःकडे, कोयरीच्या पोटाखाली सारा. खरडायचं नाही, झाडूने कचरा सुपलीत लोटतो तसं अलगद लोटायचं. पेन्सिलची रेघ घडीच्या पलीकडे जाऊन दिसेनाशी झाली की थांबा. अंगठ्याने ती जागा दाबून धरा. वळलेली कड अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको.

सुई घडीच्या आतून वर काढा, म्हणजे गाठ घडीत लपते. दोरा घडीच्या अगदी धारेवरून बाहेर यायला हवा, वरच्या अंगातून नाही. आता दोरा जिथून निघाला त्याच्या बरोबर समोर खालच्या कापडात सुई टोचा, घडीला खेटून, किंबहुना केसभर तिच्या खालीच. मागच्या बाजूने दोन मिलिमीटर पुढे जा आणि सुई वर आणा. वर येताना तिने खालचं कापड आणि घडीच्या धारेचे एक-दोन धागे घेतले पाहिजेत. ओढा. दोरा घडीत बुडून नाहीसा होतो. इंचाला साधारण १०-१२ टाके बसतात.

नवशिक्यांचे हात इथे एकच गोष्ट हमखास चुकवतात. दोरा जिथून निघाला त्याच्या समोर न टोचता सुई पुढे टोचली जाते. मग वरून तिरके टाके दिसतात, हेमिंगला दिसतात तसे. पुढे जायचं ते मागून. वरून फक्त सरळ खाली. दहा टाक्यांनी काम उलटून बघा. मागे एकसारख्या छोट्या टाक्यांची रांग आणि पुढे काही नाही, असं दिसलं तर जमलं.

दोरा किती ओढायचा? दोरा दिसेनासा होईल इतका, चुणी पडेल इतका नाही. याला माप नाही.

पोटाच्या गोलाईवर बारीक कोपरे उमटायला लागतील. सगळ्यांचे उमटतात. म्हणजे आत माया एका जागी गोळा झाली आहे. शेवटचा टाका सैल करा, सुईचं टोक घडीत घालून त्या गाठोडीला पंख्यासारखं पसरा, मग पुन्हा अंगठा दाबा. बाहेरच्या गोलाईला मायेत काप देऊ नका. शिवणाच्या पुस्तकात देतात, पण या पद्धतीत नेमक्या त्या कापांच्या जागीच कोपरे पडतात. माया पातळ करा आणि एकावेळी कमी वळवा, दुसरा उपाय नाही.

मान

आतल्या गोलाईला मात्र काप हवेतच, नाहीतर माया वळणारच नाही. मान यायला अर्धा इंच उरला की कात्री हातात घ्या, आधी नाही. आधीच काप दिले तर तोवर धागे सुटून बसतात. मायेत अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर तीन-चार काप द्या, रेघेच्या एक मिलिमीटर अलीकडे थांबा. रेघेपर्यंत कापलं तर तिथे भोक दिसेल आणि ते बुजवण्याचा धड मार्ग नाही. इथे टाके जवळजवळ घ्या आणि घडीचे दोनाऐवजी तीन धागे पकडा, कारण कापांपाशी कापडाला बळ कमी असतं. सुई एका बाजूने दुसऱ्या बाजूला एका फटक्यात फिरवली तर मान छान गोल वळते. पुन्हा पुन्हा टोचलं तर पिसं निघतात.

चोच

इथे घाई केलेली लगेच दिसते. मानेच्या बाजूने शिवत शिवत रेघेच्या नेमक्या टोकापर्यंत या. टोकावर शेवटचा टाका घ्या आणि त्याच जागी आणखी एक, म्हणजे टोक ठिकाणावर बसेल.

आता आत वळलेल्या मायेचं एक कान दुसऱ्या बाजूने बाहेर डोकावताना दिसेल. ते कात्रीने उडवा. टाक्यांना धक्का न लावता जितकं कमी करता येईल तितकं. दुसऱ्या बाजूची मायाही टोकाजवळ थोडी बारीक करा. अगोदर टोकाची माया सरळ खाली दुमडा, टोकाशी काटकोनात, आणि मग पाठीच्या बाजूची माया आत सारा. सुई गुळगुळीत असते, कापड तिच्यावरून घसरतं, म्हणून इथे दात कोरायची काडी: टोक किंचित ओलं करा, लाकूड कापडाला धरतं आणि माया गुमान आत जाते.

सगळी माया त्या एवढ्याशा टोकाखाली मावत नाही असं वाटतं. घाबरून उसवू नका. आत जाईल तितकी घाला, अंगठा घट्ट दाबा, पुढचे दोन टाके अगदी जवळ घ्या आणि दोरा हलकेच टोकाच्या दिशेने ओढा. टोक पुढे सरकून धारदार होतं. पहिल्या कोयरीची चोच बोथटच होणार. पोपटाची नसेल, चिमणीची असेल. चालेल.

मग पाठ. ती लांब आणि सोपी आहे, त्यामुळे इथेच लक्ष उडतं आणि टाके लांबत जातात. सुरुवातीच्या टाक्यापाशी पोचलात की दोन-तीन टाके पुढे जाऊन सुई मागे काढा, कोयरीच्या खाली येणाऱ्या भागात दोन छोटे उलट टाके घ्या, सुई दोन कापडांमधून इंचभर नेऊन बाहेर काढा आणि दोरा कापा. मागे दोऱ्याचं लोंबतं टोक ठेवलं तर ते पांढऱ्या कापडातून पुढे दिसतं.

पहिल्या कोयरीला दीड-दोन तास लागतात. एका बैठकीत संपवायची गरज नाही, फक्त मानेत किंवा चोचीत उठू नका.

पुढचं

कच्चा दोरा काढा. इस्त्री करण्याआधी आखणीच्या खुणा पाण्याने घालवा, कारण उष्णतेने काही पेनांच्या खुणा कायमच्या बसतात. मग टॉवेलवर काम पालथं ठेवून मागून इस्त्री करा. पुढून दाबली तर मायेची कड वर उमटते आणि कोयरी चपटी होते. टॉवेलवर ती जराशी फुगीर राहते. आता चौकोन ९ इंचांवर आणा. चहूबाजूंनी पाव इंच शिलाईत गेलं की साडेआठ उरतो. चार-चारच्या ओळी केल्या तर सोळा चौकोनांचं ३४ इंचांचं दुपटं होतं. सोळाही कोयऱ्या हव्यात असं नाही, एक चौकोन कोयरीचा आणि एक साधा, असं आलटून पालटून जास्त सुंदर दिसतं आणि आठवड्यात उरकतं.

एकाहून जास्त तुकडे असतील, समजा देठ आणि त्यावर पान, तर खालचा तुकडा आधी. देठासाठी उरेब पट्टी कापा, ती हवी तशी वळते. देठाचं जे टोक पानाखाली दडणार आहे ते वळवायचं नाही, सपाटच ठेवायचं, नाहीतर पानाला तिथे टेंगूळ येतं. विड्याचं पान पुढच्या खेपेला घ्या. त्याच्या देठापाशी आत शिरणारी खाच असते, तिला बरोबर मध्यावर एकच काप लागतो आणि खाचेच्या तळाशी घडीचे चार-पाच धागे घेणारे दोन-तीन टाके.

थर रचून दोरे घालायची वेळ आली की पहिला धावदोरा कोयरीच्या बाहेरून, कडेला दोन मिलिमीटर सोडून घाला. कोयरीच्या अंगावरून नको. त्या एका ओळीने कोयरी उठून येते. मग त्याच आकाराच्या ओळी बोटभर अंतराने बाहेर बाहेर नेत जा, चौकोनाच्या कडेपर्यंत. आणि इथे दोरा लपवू नका. रंग कोयरीच्या उलट घ्या, टाके गोधडीला घालतो तसे मोकळे घाला.